ओव्हनमधले मसाला क्रॅकर: एकदा भाजायचे, मग वाळवायचे

जुलैमधली भिशी होती. दुपारी चारला डब्यात भरताना टचाटच मोडणारे क्रॅकर रात्री आठला ताटलीत काढले, तर चिवट. कुणी काही बोललं नाही, पण दोन-दोन खाऊन हात थांबले, आणि ते लगेच लक्षात येतं. तेव्हा मी दोष पावसाला दिला. पुढच्या खेपेला भर उन्हाळ्यात केले, तरी संध्याकाळी मधले चिवटच. तेव्हा एक क्रॅकर मधोमध मोडून खिडकीपाशी धरला. कडा फिकट आणि कोरड्या होत्या, मधोमध मात्र रुपयाएवढा गडद, दमट ठिपका. ओव्हनने वरून रंग आणला होता, पण आतलं पाणी आतच राहिलं होतं. डब्यात बसल्यावर तेच पाणी हळूहळू कडेपर्यंत पसरत होतं.

क्रॅकरचं सगळं तंत्र या पाण्याभोवती फिरतं. तळणीत गरम तेल पीठातलं पाणी काही मिनिटांत बाहेर काढतं. ओव्हनमधली हवा हे काम सावकाश करते, त्यामुळे रंग आधी येतो आणि कोरडेपणा मागून. म्हणून मी आता दोनदा भाजते. आधी १७० अंशांवर, शिजण्यासाठी आणि रंगासाठी. मग मसाला चोळून १२० अंशांवर, वाळण्यासाठी. दुसऱ्या फेरीत मसालाही पक्का बसतो, त्यामुळे ते वेगळं काम उरत नाही.

साहित्य

एवढ्यात साधारण १०० ते १२० चौकोनी क्रॅकर होतात, म्हणजे ओव्हनचे तीन ट्रे. प्रत्येकाच्या घरची वाटी वेगळी असते, तेव्हा वजनकाटा असेल तर तोच वापरा.

- कणीक १५० ग्रॅम (सुमारे सव्वा कप)
- ज्वारीचं पीठ १०० ग्रॅम (पाऊण कपाहून थोडं जास्त)
- तेल ३ मोठे चमचे, म्हणजे ४५ मिली
- बारीक मीठ १ छोटा चमचा, सपाट
- पिठीसाखर १ छोटा चमचा
- बेकिंग पावडर पाव छोटा चमचा
- ओवा १ छोटा चमचा, तळहातावर चोळून
- कसुरी मेथी १ मोठा चमचा, चुरडून
- हिंग दोन चिमटी
- कडकडीत गरम पाणी १०० ते १२० मिली
- वर लावायला पांढरे तीळ २ मोठे चमचे

ज्वारी ताज्या दळणाचीच हवी. जुनं पीठ कडू होतं आणि भाजल्यावर तो कडवटपणा आणखी जाणवतो. चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं की लगेच कळतं. ज्वारीमुळे खुसखुशीतपणा आणि भाकरीसारखा खरपूस वास येतो, पण तिच्यात ग्लुटेन नाही, म्हणून बांधून ठेवायला कणीक लागते. निम्म्याहून जास्त ज्वारी घातली तर पोळी लाटताना चिरते. मैद्याचे क्रॅकर जास्त हलके होतात हे खरं, पण त्यांना स्वतःची चव फारशी नसते. मला हे मिश्रण आवडतं.

साखर गोडीसाठी नाही. तिच्यामुळे एकसारखा बदामी रंग येतो आणि तिखटाची धार थोडी मऊ होते. छोट्या चमच्यापुढे मात्र जाऊ नका, जास्त साखरेने कडा पटकन काळ्या पडतात.

पीठ मळणं

दोन्ही पिठं, मीठ, साखर, बेकिंग पावडर, ओवा, मेथी, हिंग परातीत एकत्र करा. त्यात तेल घालून बोटांच्या टोकांनी चोळा. घाई करू नका, तीन-चार मिनिटं चोळा. शंकरपाळ्यांसाठी मोहन लावतो तसंच. मूठभर पीठ दाबलं की मुटका वळला पाहिजे आणि बोटाने टोचला की फुटला पाहिजे. इथे तेल तापवायची गरज नाही. पिठाच्या कणांभोवती तेल बसलं की पाणी पडल्यावर ग्लुटेनचे लांब धागे तयार होत नाहीत, आणि क्रॅकर तोंडात टाकल्यावर विरघळल्यासारखा फुटतो.

आता गरम पाणी थोडं थोडं घाला. भाकरीसाठी ज्वारीला गरम पाणी का घालतात ते ठाऊक असलेल्यांना हे नवीन नाही. गरम पाण्याने ज्वारीचा स्टार्च फुलतो आणि पिठाला चिकटपणा येतो. आधी चमच्याने ढवळा, हात लावण्याइतकं निवालं की गोळा करा. पीठ पुरीच्या पिठाइतकं घट्ट हवं. सैल झालं तर पुढे तेवढं पाणी ओव्हनला काढावं लागेल. कणकेप्रमाणे पाणी कमी-जास्त लागतं, म्हणून शेवटचे दोन चमचे हाताला विचारून घाला. पोळ्यांच्या कणकेसारखं तिंबत बसू नका. गोळा एकजीव झाला की थांबा, ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा.

लाटणं, सगळ्यात महत्त्वाचं

इथे वेळ द्या. क्रॅकर बिघडतात ते बहुतेक इथेच.

जाडी दीड ते दोन मिलिमीटर हवी. रुपयाचं नाणं पोळीच्या कडेला आडवं ठेवून बघा, अंदाज येईल. पण जाडीच्या आकड्यापेक्षा ती सगळीकडे सारखी असणं मोलाचं. एकाच ट्रेमध्ये काही पातळ आणि काही जाड असले की पातळ जळतात आणि जाड चिवट राहतात. मग कितीही वेळ बघत बसा, दोन्ही सांभाळता येत नाहीत.

गोळ्याचे तीन भाग करा. बटर पेपर ट्रेच्या मापाने कापा आणि एक भाग त्यावर ठेवा. वरून दुधाची पिशवी कापून केलेला प्लास्टिकचा कागद ठेवा. लाटणं मधून कडेकडे न्या, प्रत्येक वेळी कागद थोडा फिरवा. आपला हात पोळीला सरावलेला असतो, त्यामुळे कडा आपोआप पातळ होतात. पोळीला ते चालतं, इथे नाही. मी डाव्या-उजव्या बाजूला आइस्क्रीमच्या लाकडी काड्या ठेवून त्यांच्यावरून लाटणं फिरवते. काडी साधारण दोन मिलिमीटर जाड असते, लाटणं त्याखाली जात नाही. मोठी पोळी असेल तर काड्या सरकवत न्याव्या लागतात. पाच मिनिटं जास्त जातात, पण ट्रे एकसारखा भाजला जातो.

पोळी झाली की वरचा कागद काढा. ब्रशने किंवा ओल्या हाताने वर पाण्याचा अगदी पातळ हात फिरवा, तीळ भुरभुरा, आणि लाटणं एकदा हलकेच फिरवून तीळ आत बसवा. नुसते वरून टाकलेले तीळ ताटलीच्या तळाशी सापडतात.

मग कातण घेऊन चार सेंटिमीटरचे चौकोन आखा. करंजीचं नक्षीचं कातण असेल तर उत्तम, कडा सुंदर दिसतात. तुकडे वेगळे करायची गरज नाही, भाजताना थोडे आकसतात आणि रेघेवर आपोआप सुटतात. कडेचे वेडेवाकडे तुकडेही तसेच ठेवा.

आता प्रत्येक चौकोनाला काट्या-चमच्याने दोन-तीनदा आरपार टोचा. पुरी फुगली नाही तर आपल्याला वाईट वाटतं, इथे नेमकं उलटं आहे. भोकांमधून वाफ निघून गेली तर क्रॅकर सपाट राहतो. वाफ अडकली तर फुगा येतो, फुग्याची वरची साल कागदासारखी पातळ होऊन करपते आणि खाली ओलं राहतं. काटा खालच्या कागदाला टेकेपर्यंत टोचा.

पहिली भाजणी

ओव्हन १७० अंश सेल्सिअसला, वरची-खालची दोन्ही कॉइल लावून, १५ मिनिटं आधी तापवा. छोट्या ओटीजीत, म्हणजे ओट्यावरच्या विजेच्या ओव्हनमध्ये, दिवा विझला म्हणजे हवा तापली, भिंती नाही. आणखी पाच मिनिटं थांबा. कागदासकट पोळी ट्रेवर सरकवा आणि ट्रे मधल्या खाचेत ठेवा.

सात मिनिटांनी ट्रे फिरवा, मागची बाजू पुढे. जवळजवळ प्रत्येक ओटीजी मागच्या बाजूला जास्त तापतो. बाराव्या मिनिटापासून समोरून हलू नका. कडेचे क्रॅकर बदामी झाले की चिमट्याने तेवढे काढून घ्या आणि मधले आणखी दोन-चार मिनिटं राहू द्या. एकूण १२ ते १६ मिनिटं. इथे त्यांना मधोमध फिकट आणि कडेला हलका सोनेरी रंग हवा. पूर्ण तांबूस रंगाची वाट बघितली तर दुसऱ्या फेरीत ते पुढे जातील.

बाहेर काढल्यावर ते थोडे मऊ लागतील. घाबरून परत आत टाकू नका, जाळीवर पसरून पाच मिनिटं थांबा. तोवर दुसरा ट्रे लावा.

पंख्याच्या कन्व्हेक्शनवर करत असाल तर १६० अंश पुरतात आणि वेळ दोन मिनिटांनी कमी होतो. एअर फ्रायरमध्येही होतात, १६० वर ८ ते १० मिनिटं, पण हलके तुकडे उडून वरच्या कॉइलला लागतात, म्हणून वर जाळी ठेवा. कढईत मीठ तापवून त्यावर ताटली ठेवण्याची पद्धत मी करून बघितली आहे. १० क्रॅकरसाठी ठीक, पण १५ माणसांसाठी तो मार्ग धरू नका.

मसाला कधी घालायचा

प्रत्येक मसाल्याला स्वतःची वेळ असते. ओवा, हिंग, जिऱ्याची भरड, कसुरी मेथी पिठातच जावी. पिठाच्या आत त्या सुरक्षित असतात, वरून घातलेली मेथी काळी पडून कडू लागते. तीळ, कलौंजी, मिरपुडीची भरड भाजण्याआधी वरून चालते. लसूण पावडर, लाल तिखट आणि आमचूर मात्र पहिल्या भाजणीत अजिबात नको. १७० अंशांवर लसूण पावडर करपते, आणि करपलेल्या लसणाची चव कशानेही झाकत नाही. तिखटाचा रंग तपकिरी होतो. हे तिघं दुसऱ्या फेरीसाठी ठेवा.

कोरडा मसाला क्रॅकरला चिकटत नाही, तेल लागतंच. आणि मिरचीचा रंग, लसणाचा वास तेलात चांगला उतरतो. म्हणून मसाला आधी तेलात कालवायचा, मग क्रॅकरवर. वरच्या सगळ्या क्रॅकरना मिळून दोन मोठे चमचे तेल पुरतं. माझ्याकडे तीन प्रकार कायम असतात.

लसूण-तिखट: दोन मोठे चमचे तेल, एक छोटा चमचा काश्मिरी मिरचीची पूड, पाऊण छोटा चमचा लसूण पावडर, अर्धा छोटा चमचा आमचूर, तेवढीच पिठीसाखर, दोन चिमटी मीठ. पार्टीत हाच आधी संपतो.

मेतकूट: दोन मोठे चमचे तेलात दीड मोठा चमचा मेतकूट आणि पाव छोटा चमचा तिखट. मेतकुटातल्या डाळी आणि तांदूळ आधीच भाजलेले असतात, त्यामुळे चव लगेच खुलते आणि पूड इतकी बारीक असते की सगळीकडे सारखी बसते. ज्यांच्या घरी मऊ भात-मेतकूट खाल्लं जातं त्यांना पहिल्या घासात ओळखीचा वास येतो आणि ते विचारतात, यात काय आहे? हा माझा सगळ्यात आवडता.

मिरे-तूप: तेलाऐवजी पातळ केलेलं साजूक तूप, अर्धा छोटा चमचा मिरपूड, दोन चिमटी मीठ. लहान मुलांसाठी आणि तिखट न खाणाऱ्या ज्येष्ठांसाठी.

गोडा मसाला घालून बघितला, जमला नाही. त्याचा सुवास आमटीत, भरल्या वांग्यात फुलतो. कोरड्यात नुसता दगडफूल-लवंगेचा उग्रपणा राहतो. शेंगदाण्याची चटणी जाडसर असते, गळून पडते. ती बरोबर वाटीत द्या.

दुसरी फेरी: वाळवणं

मोठ्या पसरट भांड्यात क्रॅकर घ्या. तेलातला मसाला चमच्याने सगळीकडे थेंब-थेंब सोडा आणि दोन्ही हातांनी खालून वर हलकेच उलटा. चमचा वापरलात तर कोपरे मोडतात. दोन-तीन मिनिटांत प्रत्येकाला थोडा थोडा रंग लागतो. सुरुवातीला तेल अपुरं वाटेल, तरी वाढवू नका. जास्तीचं तेल वाळत नाही, बोटांना लागत राहतं.

ओव्हन १२० अंशांवर आणा. या वेळी सगळे क्रॅकर दोन ट्रेवर पसरले तरी चालतात, थोडे एकावर एक आले तरी हरकत नाही. १५ ते २० मिनिटं ठेवा, मध्ये एकदा हलवा. ओटीजीत एका वेळी एकच ट्रे लावा. या तापमानाला रंग फारसा बदलत नाही, लसूण करपत नाही, आणि मधला ओलावा सावकाश निघून जातो. वेळ झाली की ओव्हन बंद करा, दार दोन बोटं उघडं ठेवा आणि आणखी दहा मिनिटं आतच राहू द्या.

परीक्षा अशी: एक क्रॅकर बाहेर काढून पूर्ण गार होऊ द्या, मधोमध मोडा. टचकन आवाज आला आणि मोडलेली कड सगळीकडे एकाच फिकट रंगाची दिसली, तर झालं. मधोमध गडद पट्टा दिसला किंवा मोडताना किंचित वाकला, तर आणखी आठ-दहा मिनिटं. गरम क्रॅकर मोडून काहीच कळत नाही. परीक्षेसाठी ट्रेच्या मधला, जरा जाड वाटणारा निवडा. कडेचा नेहमीच पास होतो.

ठेवणं आणि वाढणं

जाळीवर किमान एक तास गार करा. हाताला गार लागला तरी ढिगाच्या आत ऊब असते, आणि ऊब असताना डबा बंद केला की झाकणाला आतून दव धरतं. सगळी मेहनत तिथे जाते. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, तळाशी कोरडा कागद घालून भरा. नीट वाळलेले क्रॅकर पंधरा दिवस छान राहतात. तुपाचे मात्र आठवड्यात संपवा.

त्यामुळे पार्टीच्या दोन-तीन दिवस आधी हे काम उरकता येतं, आणि हाच याचा मोठा फायदा. पाहुणे येण्याच्या अर्धा तास आधी १५० अंशांवर चार-पाच मिनिटं गरम करून गार करा, कालचे आहेत हे कुणाला कळणार नाही. कोकणात किंवा मुंबईच्या पावसात सगळे एकदम ताटात काढू नका. अर्धे काढा, ते संपले की उरलेले. उघड्यावर दमट हवेत तासा-दीड तासात त्यांची धार जाते.

बरोबर इतर खाणं असेल तर माणशी आठ-दहा क्रॅकर धरा. १५ जणांसाठी वरचं प्रमाण दीडपट करा. बुडवून खायला घट्ट चक्का उत्तम: एक वाटी चक्क्यात एक छोटा चमचा हिरव्या मिरचीचा ठेचा, मीठ, चिमूटभर साखर. दही वापरायचं तर चार तास फडक्यात टांगून ठेवा, पातळ दह्यात क्रॅकर लगेच लोळागोळा होतो. कोजागिरीला मसाला दुधाबरोबर मिरे-तुपाचे ठेवते. आटीव गोड दुधावर एवढंच खारट-तिखट पुरतं.

अमेरिकेत असाल तर

तिथे घरगुती पार्ट्यांत तयार क्रॅकरवर हाच दुसऱ्या फेरीचा प्रयोग जुना आहे. न्यू इंग्लंडकडे कालवांच्या किंवा शिंपल्यांच्या सूपबरोबर मिळणारे छोटे गोल ऑयस्टर क्रॅकर घेतात, नाहीतर चौकोनी, खारे सॉल्टीन क्रॅकर. तेलात रँच मसाल्याची (ताकाची पूड, कांदा, लसूण आणि सुवासिक पाल्याचा तिथला तयार मसाला) पुडी आणि लसूण पावडर कालवून ते चोळतात आणि २५० फॅरनहाइटवर, म्हणजे आपल्या १२० अंशांवर, १५ ते २० मिनिटं भाजतात. दक्षिणेकडे त्यात लाल मिरचीचा चुरा भरपूर असतो. रँचऐवजी मेतकूट घाला. ३०० ग्रॅम क्रॅकरना पाव कप तेल आणि दोन मोठे चमचे मेतकूट. मीठ मात्र घालू नका, सॉल्टीनच्या पाठीवर ते आधीच असतं. पीठ मळायला वेळ नसेल तेव्हा भारतातही साध्या खाऱ्या बिस्किटांवर हे करता येतं, पण त्यांच्यात तेल आधीच असतं, म्हणून तेवढ्याच बिस्किटांना दोन मोठे चमचेच तेल घ्या.

कडेचे वेडेवाकडे तुकडे आणि डब्याच्या तळाशी उरलेला मसाल्याचा चुरा फेकू नका. दुसऱ्या दिवशी कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीवर, अगदी वाढताना, मूठभर टाका.